वारापासून हक्कापर्यंत

मृग सरून आर्द्रा लागल्या, की कोकणच्या खाचरांत तरवा हिरवागार होऊन लावणीची वाट पाहू लागतो आणि त्याच सुमारास बारावीचा निकाल हाती घेतलेली मुले-मुली रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कागदांची पिशवी छातीशी धरून उतरू लागतात. याच भिजल्या दिवसांत २६ जून येतो. राजर्षी शाहू महाराजांची जयंती, आपल्या राज्याचा सामाजिक न्याय दिन. प्रतिमेला हार घालून झाला, की या पिशव्यांकडेही आपण वळून पाहायला हवे.

शिकणाऱ्याच्या ताटात घास वाढणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. कोणी माधुकरी मागून शिकला, कोणी सात घरी वार लावून. त्या घासाचे मोल मोठेच. पण ती पंगत जन्माची जात पाहून मांडली जाई आणि कित्येक हुशार मुले उंबऱ्याबाहेरच राहत. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुले अशा साऱ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली. दात्याच्या मर्जीवर मिळणारा घास हळूहळू हक्काचा होऊ लागला, तो असा.

त्या हक्काचे सर्वात तेजस्वी फळ आपल्याच मातीशी नाते सांगते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण पुरे झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीने त्यांना कोलंबिया विद्यापीठात पोहोचवले. पुढे लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला शाहू महाराजांचाही हातभार लागला. शिष्यवृत्ती देणारे राजे आपल्या लक्षात राहतात. पण मुलाची गुणवत्ता योग्य दारापर्यंत नेणारे केळुसकर गुरुजी होते, हे विसरून कसे चालेल?

आज राजे नाहीत, योजना आहेत. त्यांतली एक शाहू महाराजांच्याच नावाने शिक्षण शुल्काचा भार हलका करते. २०२४-२५ पासून तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मात्र महाडीबीटी संकेतस्थळाच्या दारातून आत जायला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, प्रवर्गानुसार जातीचा किंवा नॉन-क्रिमीलेअरचा लागतो, बँकखाते आधारशी जोडलेले लागते. वाडीत रेंज नसते, पावसात वीज जाते, सेतू केंद्र तालुक्याला असते आणि नावातल्या एका वेलांटीपायी अर्ज त्रुटीत निघून परत येतो. पूर्वीही परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या कोवळ्या धोंडो केशव कर्व्यांना वय लहान दिसते म्हणून माघारी पाठवले होते. ते पुढे महर्षी झाले. पण एका त्रुटीने खचून शिक्षण सोडणाऱ्या मुलीची नोंद कुठेच होत नाही.

त्यात आपला कोकणी संकोच. कर्ज काढू, आंब्याची दोन कलमे गहाण ठेवू, पण कोणापुढे हात पसरणार नाही, हा आपला बाणा. तो स्वाभिमान जपायलाच हवा; फक्त एवढे ध्यानात असू द्यावे, की शिष्यवृत्तीचा अर्ज म्हणजे हात पसरणे नव्हे. मागच्या पिढ्यांनी झगडून आपल्यासाठी राखून ठेवलेला तो वाटा आहे. त्या अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, तसेच आपल्या कर्तव्याचेही. मुंबईकर मंडळींची गावोगावची मंडळे वह्या वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. त्याच सभागृहात एक दिवस कागद तपासून अर्ज भरून देण्यासाठी ठेवला, तर नारळ आणि शालीपेक्षा तो सत्कार अधिक काळ टिकेल.

तरवा कितीही हिरवा असला, तरी उपटून मोठ्या खाचरात लावल्याशिवाय त्याला लोंबी धरत नाही, आणि लावणी कधी एकट्याने होत नाही. शेजारपाजार चिखलात उतरतो. आपल्या वाडीत यंदा बारावी झालेले मूल असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जाऊ या. दाखले निघाले का, खाते जोडले का, शेवटची तारीख कोणती, एवढे विचारू या आणि अर्ज कॉलेजकडून मंजूर होऊन पुढे जाईपर्यंत त्याला साथ देत राहू या. केळुसकर गुरुजींची जागा आजही रिकामी आहे. ती आपणच भरायची आहे.