जूनमधला स्वेटर

मंडळी, बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकले नाही. मध्ये डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग नातवाची परीक्षा, मग उन्हाळ्याची कामं... पापड-कुरडया आता घरी कोण करतंय म्हणा, पण एप्रिल आला की हात शिवशिवतातच. असो.

आज लिहायला बसले त्याला कारण बोरिवलीची आमची धाकटी जाऊ. ती आणि भावोजी येत्या जूनमध्ये नॉर्वेच्या क्रूझला निघालेत. परवा तिचा फोन. "वहिनी, तुम्ही जाऊन आलाय ना, काय काय न्यायचं त्याची यादी पाठवा बघू." मी म्हटलं, पाठवते की, त्यात काय! वही-पेन घेऊन बसले, पहिल्या ओळीत सवयीने 'चिवडा' असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. त्या चिवड्याची गोष्ट घरात आम्हां दोघांशिवाय फारशी कुणाला ठाऊक नाही. आज सांगूनच टाकते.

२०१८ चा जून. आमच्या लग्नाला ४५ वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हांला कोपनहेगनहून निघणाऱ्या आठ दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढून दिली. निघायच्या आदल्या रात्री मुलुंडच्या घरात पलंगावर दोन बॅगा उघड्या. विमानात माणशी २३ किलो. ह्यांची बॅग काट्याला अडकवली तर भरली साडेचोवीस. आता दीड किलो काय काढायचं? नेमका त्याच संध्याकाळी ऑस्लोच्या भाचीचा फोन येऊन गेला होता. "मावशी, इथे काय उकडतंय म्हणून सांगू! आम्ही सगळे बिनबाह्यांच्या कपड्यांत फिरतोय." ती खोटं बोलत नव्हती. त्या वर्षीचा मे हा नॉर्वेत तोवर नोंदला गेलेला सर्वांत उष्ण मे होता. झालं! मी ह्यांचा मरून रंगाचा, जाड लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर (मीच विणलेला, नोकरीत असताना, मधल्या सुट्टीत) बॅगेतून काढला, सोबत माझी एक लोकरीची शाल काढली आणि पलंगावर ठेवून दिली. चिवडा, भाजणीच्या चकल्या, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मात्र तसंच राहिलं. हे म्हणाले, "स्वेटर असू दे गं." मी म्हटलं, "जून आहे, उन्हाळा आहे तिकडे!"

मंडळी, मी शाळेत मराठी शिकवायचे, पण पाचवी ते सातवीला भूगोलही वर्षानुवर्षं शिकवला आहे. समुद्रसपाटीपासून वर जावं तसतसं तापमान कमी होतं, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. पोरांना पाठ करायला लावलं आणि स्वतःची बॅग भरताना विसरले.

फ्लोम नावाच्या चिमुकल्या गावी बोट लागली तेव्हा लख्ख ऊन होतं. तिथून एक डोंगरातली रेल्वे मिर्दालपर्यंत वर चढते. वीस किलोमीटरचा रस्ता, पण फियोर्डच्या काठावरून थेट ८६६ मीटरवर. खाली हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर पातळ जाकीट घालून बसले होते, मी सलवार-कमीज आणि वर सुती ओढणी. वाटेत एका प्रचंड धबधब्यापाशी गाडी थांबते आणि सगळ्यांना खाली उतरू देतात. आम्हीही उतरलो. एव्हाना पाऊस लागला होता, त्यात धबधब्याचे तुषार, वारा... मी कुडकुडायला लागले तसं ह्यांनी स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं. मी नको नको म्हटलं, पण जोर करून नव्हे. खरं तेच सांगते, मला थंडी वाजत होती.

संध्याकाळी बोट निघाली तेव्हा ह्यांना डेकवरून फियोर्ड बघायचा होता. बोट चालते ताशी वीस सागरी मैलांनी, म्हणजे जवळपास ३७ किलोमीटर. हवा १० अंशांची असली आणि असा वारा तोंडावर येत असला तर ती लागते ६ अंशांसारखी. रात्री हुडहुडी भरून ताप आला. बोटीवरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, कफ साठलाय म्हणाले, औषधं दिली आणि तीन दिवस केबिनबाहेर पडायचं नाही असं बजावलं. बिल रुपयांत मोडून पाहिलं तर माझं दोन महिन्यांचं पेन्शन. ते पुढे विम्यातून बरंचसं मिळालं, त्याचं काही नाही. पण आमची केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची होती. गायरांगरचा फियोर्ड, ज्याचा फोटो हे सहा महिने कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून बसले होते, तो आला तेव्हा हे चार भिंतींच्या आत झोपलेले. मी वर जायचे, दहा मिनिटं बघायचे आणि खाली येऊन वर्गात सांगावं तसं सांगायचे. तिथे 'सात बहिणी' नावाचे धबधबे आहेत, शेजारी शेजारी कोसळणारे. हे डोळे मिटूनच म्हणाले, "सातही दिसल्या का?" मी हो म्हटलं. धुक्यात मला चारच दिसल्या होत्या.

चिवडा तसाच परत आला. बोटीवर खाण्याची रेलचेल होती, शाकाहारीसुद्धा. घरी आलो तर पलंगावर स्वेटर मी ठेवला होता तिथेच. ह्यांनी त्याची घडी सारखी केली आणि कपाटात ठेवला. त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर जाऊबाई, यादी अशी मागू नकोस. आधी माझं म्हणणं ऐक.

आपली, म्हणजे मुंबईकरांची, मुळात हवेशी ओळखच एकसुरी आहे. आपल्याकडे हवा म्हणजे उकाडा किंवा पाऊस, आणि तो पाऊसही कोमट. माझ्या आयुष्यात मुंबईत खरी थंडी एकदाच आठवते. २२ जानेवारी १९६२. सांताक्रूझला ७.४ अंश झाले होते, तो विक्रम अजून मोडलेला नाही. मी तेव्हा शाळकरी पोर. आईने दोन फ्रॉक एकावर एक घालून चुलीपाशी बसवलं होतं. आपल्या उपनगरांनी नोंदलेला सर्वांत गार दिवस म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्यावरची जूनमधली जरा गारठ्याची रात्र, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आणि पाऊस? बर्गन हे त्यांचं बंदर सात डोंगरांच्या मधलं, आपली मुंबई सात बेटांची. तिथे वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सांताक्रूझला पडतो जवळपास तेवढाच. कारणही तेच. समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगराला अडतात आणि वर चढता चढता रिकामे होतात. आपल्याकडे सह्याद्री, त्यांच्याकडे त्यांचे पहाड. फरक एवढाच की आपण तो पाऊस चार महिन्यांत उरकतो (२६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, भांडुपपासून चालत आलेली माणसं आठवतात ना?) आणि ते बारा महिने पुरवून पुरवून खातात. आपल्याला पावसाचं भय नाही, म्हणून आपण छत्री घेतो आणि निर्धास्त होतो. पण तिथल्या डेकवरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आणि आपला प्लॅस्टिकचा रेनकोट आतून घामाने भिजतो. मग वारा लागला की तोच घाम गार पडतो. सुती गंजी ओली झाली की अंगाला चिकटून ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. आपलं सगळं कपाट सुती. मुंबईत तेच शहाणपणाचं, तिथे तेच घात करतं.

हवेचा अंदाज फोनवर दिसतोच की, असं भावोजी म्हणतील. दिसतो. पण दोन-चार दिवसांपुरता धरवतो, आणि आपण बॅग भरतो त्यानंतर शेवटच्या बंदराला पोचायला दहा-बारा दिवस जातात. मग माणूस सरासरी बघतो. बर्गनला जूनची सरासरी चौदा-एक अंश. ह्या सरासरीने फार लोकांना फसवलंय. त्या चौदात आठही असतात आणि सव्वीसही असतात. २०२५ च्या जुलैत तर नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या थेट उत्तरेकडच्या भागात पारा तिशीपार गेला होता. म्हणजे एखादा अर्ध्या बाह्यांचा झगाही हवाच. एक जाड कोट घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तो घातला तर उकडतं, काढला तर हातात ओझं. पातळ पातळ तीन-चार थर हवेत. आत अंगाबरोबरचं थर्मल, मधे लोकर, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं हलकं जाकीट टोपीसकट. कानटोपी. (हसू नकोस, मुलुंडला डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना भावोजी घालतातच.) एकाऐवजी दोन जोड बूट, कारण भिजलेला बूट बोटीवर रात्रीत वाळत नाही.

आता साडीचं. आमच्या पिढीतल्या बायकांचा इथे जीव अडकतो. मी शाळेत आनंदीबाई जोशींचा धडा शिकवायचे तेव्हा तारखा सांगायचे, डॉक्टरकी सांगायचे. आपल्याच लोकलच्या रस्त्यावरच्या कल्याणची मुलगी, १८८३ साली अठराव्या वर्षी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला गेली. पण तिच्यापुढे कपड्यांचा केवढा प्रश्न होता, हे मला फ्लोमच्या त्या धबधब्यापाशी कळलं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडे हाडं गोठवणारी थंडी. शेवटी तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. वेश सोडला नाही, पण हवेपुढे हट्टही केला नाही. तिला त्या काळात हे करवलं, आणि आपण मात्र कॅप्टनच्या जेवणाला नेसायच्या चार सिल्कच्या साड्यांसाठी थर्मल काढून ठेवतो. एक ने. बाकी दिवस सरळ पँट घाल. कोण बघतंय? आणि बघितलं तर बघू दे. फोटोत रोज वेगळा पोशाख दिसायला हवा हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही.

नॉर्वेत एक म्हण आहे. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, अशा अर्थाची. त्यांच्या भाषेत तिचं यमकही जुळतं. भाचीने मला ती ऐकवली तेव्हा मी जरा चिडलेच. अगं, म्हण तुमची, कपाटही तुमचं! ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लोकर टांगलेली आहे त्यांनी हे म्हणावं. आम्ही आठ दिवसांसाठी तीस-चाळीस हजारांचे कपडे घ्यायचे आणि नंतर ते डांबराच्या गोळ्यांत निजवायचे? शिवाय बॅग भरायची मे महिन्यात, तेव्हा आपल्याकडच्या दुकानांत सगळीकडे मलमल लटकलेली.

म्हणून माझं एक मत आहे, नातेवाइकांनी नीट वाचावं. आपल्या कुटुंबात गेल्या दहा वर्षांत किमान सात जण थंडीच्या देशात जाऊन आले. प्रत्येकाने नवीन जाकीट घेतलं. ती सात जाकिटं आज सात कपाटांत आहेत, घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत. पूर्वी आपल्यात एक चांगली पैठणी चार लग्नांत फिरायची, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. जाकिटात का वाटावा? मी आमच्याकडच्या वस्तूंची एक बॅग केली आहे. दोन जाकिटं, चार थर्मल, हातमोजे, कानटोप्या, माझी ती शाल. ज्याला जायचंय त्याने न्यावी, धुऊन पुढच्याला द्यावी. ज्यांच्याकडे काही पडून असेल त्यांनी भर घालावी.

चिवड्याचं म्हणशील तर ने थोडा. मेतकुटाची छोटी बाटलीही ने, आजारी माणसाला भाताबरोबर लागतं. पण वजन जास्त झालं तर आधी डबा काढ.

रविवारी भावोजी बॅग न्यायला येणार आहेत. काल रात्री मी ती परत एकदा उघडली, काही राहिलं का बघायला, तर सगळ्यांत वर मरून स्वेटर. मी तो ठेवला नव्हता. आत जाऊन ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याला माझ्याच मापाचं होतं सगळं. लहानपणापासून."