दही बिघडले की दोष दुधाचाच का?

भंडारा जिल्हा म्हटला की धान आणि तलाव आठवतात. पण तुमसर, साकोली, पवनीच्या बाजारात दही-ताकावर पोट चालविणारेही आहेत. एखाद्या दिवशी दूध विरजतच नाही, माल फेकावा लागतो आणि गवळ्याशी भांडण होते. दुधात जनावराच्या औषधाचा अंश असला तरी असे घडते. पण दुसरा एक चोर आपल्या लक्षातच येत नाही.

हा चोर म्हणजे विरजणातील जिवाणूंना मारणारा विषाणू, फेज. १९३५ साली न्यूझीलंडमध्ये चीजच्या विरजणात तो सापडला. माणसाला त्याचा अपाय नाही, धंद्याला मात्र आहे.

जिवाणूही हात बांधून बसत नाहीत. डॅनिस्को कंपनीचे रोडॉल्फ बरांगू, फिलिप होर्वाथ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूच्या जनुकद्रव्याचा तुकडा स्वतःच्या जनुकद्रव्यात जपून ठेवतो. तोच शत्रू पुन्हा आला की ओळख पटते आणि त्याला कापून काढले जाते. बुडव्या गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहून ठेवणाऱ्या दुकानदारासारखाच हा प्रकार! आणि ही वही पुढच्या पिढीलाही मिळते.

या व्यवस्थेचे नाव क्रिस्पर. तिच्यावरून तयार झालेल्या जनुक-कात्रीला २०२० चे नोबेल मिळाले. मे २०२५ मध्ये भारताने जनुक-संपादित 'कमला' व 'पुसा डीएसटी राइस १' हे भाताचे वाण जाहीर केले, ते याच तंत्राने. दह्याच्या मडक्यातील विद्या अशी धानाच्या बांधीपर्यंत पोहोचली.

तथापि, विषाणूही रूप बदलतो व वहीतील नावाला चकवतो. म्हणून वर्षानुवर्षे एकाच विरजणावर विसंबणे धोक्याचे आहे. दोन-तीन वेगवेगळी तपासलेली विरजणे आलटून-पालटून वापरावीत. दूध चांगले उकळावे, भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत आणि दह्यावर सुटलेले पाणी ताज्या विरजणाजवळ ठेवू नये; विषाणू त्यातूनच पसरतो. नुसत्या पाश्चरीकरणाने तो हमखास मरत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत अशा जिवाणूंचा संग्रह आहे. चांगले विरजण तेथून लहान व्यावसायिकाच्या हाती देण्याचे काम जिल्ह्यातील सहकारी दूध संस्थांनी अंगावर घ्यावे. आपल्या गावोगावच्या घरगुती विरजणांचीही तपासणी व जपणूक व्हावी. परदेशी कंपनीने दह्याच्या जिवाणूतून विद्या काढली आणि पेटंटही घेतले. आपण मात्र आपले विरजण शेजाऱ्याच्या वाटीपलीकडे कधी पाहिलेच नाही. हा तोटा एका दिवसाच्या नासलेल्या दह्यापेक्षा मोठा आहे.