ॲसिडिटीची गोळी : पथ्य ताटाचं की घड्याळाचं?

“डाक्टर, या गोयीवर काय चालत नाही जी?” अमरावती-अकोल्याकडच्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचा आहे. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा स्वतःच यादी करून ठेवलेली असते. तुरीचं वरण बंद, वांगं बंद, दही बंद आणि संत्री तर बंदच. तरीही छातीतली जळजळ थांबत नाही. मग ताटातून आणखी एक पदार्थ कमी होतो.

माझं मत स्पष्ट आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गटातल्या गोळ्यांशी वैर धरणारा पदार्थ आपल्या रोजच्या जेवणात जवळपास नाही. गोळी वाया जाते ती मुख्यतः चुकीच्या वेळेमुळे.

गोळी काम कशी करते?

ही गोळी पोटातलं ॲसिड पुसून काढत नाही. ती आतड्यातून रक्तात जाते आणि जठराच्या भिंतीतल्या ॲसिड तयार करणाऱ्या ‘पंपां’पर्यंत पोचते. हे पंप जेवण पोटात आलं की जोरात सुरू होतात आणि गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करू शकते. रक्तात ती थोडेच तास टिकते. म्हणून जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी ती साध्या पाण्यासोबत घ्यायची. चावायची किंवा कुटायची नाही, कारण वरचं आवरण तुटलं तर पोटातलं ॲसिडच तिला नष्ट करतं. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

आता आपली सकाळ बघा. सहाला चहा आणि त्यासोबत गोळी. नंतर शेतात किंवा कामावर जायचं आणि भाकर सुटते अकरा-बारा वाजता. पंप सुरू होतात तेव्हा गोळीचा जोर ओसरलेला असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे तर्री-पोहे किंवा कचोरी खाऊन, जळजळ सुरू झाल्यावर गोळी घेणं. या सवयीला जुनं कारण आहे. पूर्वी सर्रास मिळणारी रॅनिटिडीन जेवणाआधी घ्या की नंतर, फार फरक पडत नसे. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून रॅनिटिडीन वगळली गेली, पण घेण्याची पद्धत तीच राहिली.

तुमचं पहिलं खरं जेवण अकराला असेल, तर गोळी साडेदहाला घ्या. डबा शेतात जात असेल, तर गोळीही डब्यासोबत जाऊ द्या.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का?

आहे, पण तो आजाराशी आहे, गोळीशी नाही. तेलकट खाण्याने पोट उशिरा रिकामं होतं. अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर तिखट ठेचा आणि आंबट फळं झोंबतात. खर्रा आणि तंबाखूने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते. रात्री दहाला जेवून लगेच आडवं होणं तर ॲसिडला वर यायचं आमंत्रणच. वरण सोडून खर्रा चालू ठेवणारे लोक पाहिले, की मला वाईट वाटतं. गरिबाच्या ताटातलं प्रथिन गेलं आणि आजाराचं कारण खिशातच राहिलं!

प्रत्येकाला त्रास देणारा पदार्थ वेगळा असतो. दोन आठवडे लिहून ठेवा. ज्याने खरोखर त्रास होतो तेवढंच कमी करा, बाकीचं खा.

संत्र्याबद्दल एक गैरसमज आहे. औषधांसोबत टाळा असं वाचायला मिळतं ते ‘ग्रेपफ्रूट’ हे वेगळं फळ. वरूड-मोर्शीचं संत्रं म्हणजे ते नव्हे. संत्र्याने जळजळ होत नसेल, तर या गोळीसाठी ते सोडायचं कारण नाही.

खरी काळजी कुठे घ्यावी?

ताटाकडे बघताना आपण गोळ्यांच्या डब्याकडे बघत नाही.

- थायरॉईडची गोळी, लोहाची गोळी आणि साधं कॅल्शियम (कार्बोनेट) नीट शोषलं जायला पोटातलं ॲसिड लागतं. ॲसिड कमी झालं की त्यांचा गुण कमी येऊ शकतो.
- वर्षानुवर्षे गोळी घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी लोकांनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तपासणीबद्दल विचारावं.
- हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात.
- नावात ‘डी’ असलेल्या बऱ्याच गोळ्यांत डॉम्पेरिडोन असतं. काही अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधांसोबत त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
- पाण्यात फसफसणारी पावडर रोज घेऊ नका. तिच्यात सोडियम असतं, रक्तदाब असलेल्यांना ते त्रासाचं.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की गोळी अजून लागते का? बऱ्याच रुग्णांना ती काही आठवड्यांसाठी दिलेली असते आणि मेडिकलमधून पत्ता आणत वर्षं निघून जातात. अर्थात काहींना ती दीर्घकाळ लागतेच. उदाहरणार्थ, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे काही वयस्कर रुग्ण. त्यामुळे स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवल्यास काही दिवस ॲसिड उसळतं आणि आजार परत आला असं वाटतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांचे पत्ते आणि त्या घेण्याच्या वेळा सोबत न्या. मात्र छातीत दाब येऊन घाम सुटणं, हात किंवा जबडा दुखणं, काळी शी, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. गिळताना घास अडकत असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर तपासणी पुढे ढकलू नका.