वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनी देते का? दोन सेंटीमीटरनेही उत्तर बदलतं

समजा, नागपूरच्या नंदनवनमध्ये राहणाऱ्या एका गृहिणीचं वजन ९० किलो आणि उंची १६० सेंटीमीटर आहे. तिचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३५.२ भरतो. एखाद्या कागदावर उंची चुकून १६२ लिहिली गेली, तर तोच आकडा ३४.३ होतो. आणि विमा कंपनीचं दार उघडतं ३५ वर.

हा आकडा आला कुठून? आरोग्य विम्यात कोणत्या बाबी वगळता येतील, याची भाषा विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली. पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबींमध्ये ‘ओबेसिटी/वेट कंट्रोल’ हे शीर्षक दिसलं की बरेच जण तिथेच आशा सोडतात. पण खालचा मजकूर वाचायला हवा. अटी पूर्ण झाल्या, तर ही शस्त्रक्रिया वगळलेली नाही.

रुग्णाचं वय किमान १८ हवं, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांनुसार हवी. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर सोबत गंभीर आजार हवा आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले हवेत. हे आजार चारच: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आणि आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह.

खरी अडचण इथेच आहे. गुडघे झिजलेत, बीपी वाढलंय, फॅटी लिव्हर आहे. यातलं काहीच या यादीत नाही. डॉक्टरांचे निकषही पुढे गेलेत. शल्यविशारदांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ च्या वरच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असं सांगितलं. म्हणजे डॉक्टर ‘करून घ्या’ म्हणतात आणि कंपनी ‘बसत नाही’ म्हणते, तेव्हा दोघंही आपापल्या नियमाने बरोबर असू शकतात. नियम मात्र जुना झालाय.

तोवर लढाई कागदांची. आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, औषधं, महिन्यागणिक वजनाच्या नोंदी नसतील, तर ‘सौम्य उपाय फसले’ हे सिद्ध कसं करणार? शस्त्रक्रियेआधी अनेकदा कमी कॅलरीचा आहार देतात. त्याने वजन उतरतं, म्हणून तो सुरू होण्याआधीची उंची-वजनाची नोंद डॉक्टरांच्या सहीनिशी घ्यावी. बऱ्याच पॉलिसींमध्ये प्रतीक्षा काळ आणि खर्चाची वेगळी मर्यादाही असते. रुग्णालय ठरवण्याआधी तेही पाहावं.

दावा नाकारला, तर कंपनीकडून कारण लेखी घ्यावं आणि आधी तिच्याच तक्रार विभागाकडे जावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. नागपूरकरांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.