सरळ पळणाऱ्यालाही कोनीय संवेग असतो!

परवा इथे अमेरिकेत, घराजवळच्या बागेत, लेकीने माझी विकेट काढली. तिथे मुलांसाठी एक गोल फिरणारं चक्र आहे. ती सरळ पळत आली, चक्राच्या काठावर उडी मारली आणि थांबलेलं चक्र फिरायला लागलं.

"बाबा, मी तर सरळ पळत होते. मग हे गोल कसं फिरलं?"

मी पडलो इंजिनियर! ठोकून दिलं, "तुझ्या रेषीय संवेगाचं कोनीय संवेगात रूपांतर झालं." रात्री कळलं, साफ चुकीचं सांगितलं.

मंडळी, असं रूपांतर होतच नाही. या दोन वेगळ्या राशी आहेत, त्यांची एककंही वेगळी. लिटरचं रूपांतर किलोमीटरमध्ये होतं का? लेकीकडे कोनीय संवेग उडी मारायच्या आधीपासूनच होता! तिचं वजन 30 किलो, वेग सेकंदाला 3 मीटर, म्हणजे रेषीय संवेग 90. तिची वाट चक्राच्या आसापासून दीड मीटरवरून जाणारी. 90 गुणिले 1.5, म्हणजे आसाभोवती कोनीय संवेग 135. ती सरळ आसाच्या दिशेने पळत आली असती, तर हाच आकडा शून्य आणि चक्र ढिम्म!

चक्र 100 किलोची सपाट तबकडी धरा, घर्षण सोडून द्या. लेकीसकट जडत्व आघूर्ण 180 येतं. 135 भागिले 180, म्हणजे एक फेरी साधारण साडेआठ सेकंदांत. कोनीय संवेग जसाच्या तसा राहिला, कारण आसाने दिलेला धक्का आसातूनच जातो, तो चक्राला फिरवू शकत नाही. रेषीय संवेग मात्र टिकला नाही. तो त्याच आसातून जमिनीत गेला.

हे मला बारावीत का कळलं नाही? कारण सरळ गती एका धड्यात आणि गोल गती दुसऱ्या धड्यात. मधला दरवाजा कोणी उघडलाच नाही. सूत्रं पाठ, गणितं पाठ, मार्क पैकीच्या पैकी.

कोणी म्हणेल, "त्याच मार्कांवर अमेरिकेला गेलास ना?" गेलो, कबूल. पण आठ वर्षांच्या पोरीच्या एका प्रश्नाने आडवा झालो, तेही खरं. मार्कांनी व्हिसा मिळतो हो, उत्तर नाही मिळत.

तुमच्या मुलांना गाईड जरूर द्या. पण त्याआधी एकदा बागेत न्या आणि चक्रावर उडी मारायला लावा.