फवारणीचा पाइप कोणाच्या हातात? क्लोरीन, कंत्राटी कामगार आणि माहितीचा हक्क

मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. मुंबईत कोरोनासाठी बंद झालेल्या पहिल्या मोठ्या वस्त्यांपैकी ही एक. त्या दिवसांत सगळ्या मुंबईच्या तोंडी एक नवा शब्द आला : सोडियम हायपोक्लोराइट. गल्ल्या, जिने, सार्वजनिक शौचालये, हाताला लागणारी प्रत्येक कडी यांवर त्याची फवारणी झाली. फवारणी झाली की लोकांना सुरक्षित वाटायचे. पण पाइप कोणाच्या हातात आहे, त्याच्या नाकावर काय आहे आणि त्याला या रसायनाबद्दल कोणी काय सांगितले आहे, हे विचारायला त्या भीतीत कोणाला सवड नव्हती.

आज हा प्रश्न पुन्हा विचारण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी एक कामाच्या जागेवरील सुरक्षा आणि आरोग्याची आहे. घातक रसायन हाताळणाऱ्या माणसाला आता काय मिळणार, हे त्या संहितेवरून ठरेल. सफाई, हाऊसकीपिंग, टाकी धुणे, औषध मारणे या कामांत आपल्या समाजातील हजारो घरे आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या दारातला आहे.

साध्या ब्लीचमध्ये काय असते?

हायपोक्लोराइट, ब्लीचिंग पावडर आणि पिण्याच्या पाण्यात सोडला जाणारा क्लोरीन वायू ही एकाच घरातली भावंडे. क्लोरीनने जगावर मोठे उपकार केले. पाण्यातून पसरणारा कॉलरा आणि टायफॉइड आटोक्यात आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे. याच वायूचा उपयोग २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून केला. त्यामुळे "हे रसायन चांगले की वाईट" या वादात अर्थ नाही. किती, कुठे, कशासोबत आणि कोणाच्या हातून, हे महत्त्वाचे.

हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. शौचालय धुण्याच्या बहुतेक द्रावांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. डाग निघत नाही म्हणून आधी ब्लीच आणि त्यावर टॉयलेट क्लीनर ओतणे ही रोजची गोष्ट आहे. बंद मोरीत तेवढे मिश्रणही माणसाला गुदमरवायला पुरते. ब्लीच आणि अमोनिया असलेले क्लीनर एकत्र आले तर क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू तयार होतो.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो वर जात नाही, खाली बसतो. कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत, जिथे गल्लीतून दोन माणसे जेमतेम जातात, तिथे तो तळमजल्याच्या खोलीत, मोरीत, गटाराच्या तोंडाशी साचतो. जमिनीवर खेळणारे मूल आणि खाली वाकून फरशी घासणारी बाई यांना तो आधी गाठतो.

कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी क्लोरीनची मर्यादा १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग हवेत एक भाग अशी दिली होती. १० पीपीएमला अमेरिकेतील नायॉश ही संस्था जीवाला तत्काळ धोका मानते. क्लोरीन डोळ्यांच्या, घशाच्या आणि फुप्फुसाच्या ओलाव्यात मिसळून ॲसिड बनतो. जास्त लागला तर फुप्फुसात पाणी भरते, आणि ते काही तासांनीही भरू शकते. "आता बरे वाटते" म्हणून घरी गेलेला माणूस रात्री गंभीर होतो तो यामुळे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कापडी मास्क, सर्जिकल मास्क किंवा एन-९५ यांतला कोणताही मास्क वायू अडवत नाही. ते कण अडवतात. वायूसाठी वेगळे कार्ट्रिज लावलेला मास्क लागतो, आणि सिलिंडर गळत असेल तर पाठीवर हवेची टाकी असल्याशिवाय जवळ जाऊ नये.

शिवडीने काय दाखवले

कोळीवाड्यातील फवारणी सौम्य द्रावाची होती. शुद्ध क्लोरीन मोकळा सुटला तर काय होते, हे याच शहराने दहा वर्षे आधी पाहिले होते. १४ जुलै २०१० च्या पहाटे शिवडीजवळ हाजी बंदर येथे, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जागेत पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला. शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत जवळच्या कॉलेजातील विद्यार्थी होते.

ते सिलिंडर त्या दिवशी कोणी वापरत नव्हते. ते वर्षानुवर्षे तिथे पडून गंजत होते. मालक कोण, उचलायचे कोणी, खर्च कोणाचा, हे कागदावर अडले आणि वायू कागदाची वाट पाहत थांबला नाही. धोका फक्त चालू कारखान्यात असतो असे आपण धरून चालतो. बंद पडलेले गोदाम, जुन्या टाकीजवळ विसरलेला सिलिंडर, सोसायटीच्या जिन्याखालचे निळे कॅन यांच्याकडे कोणी पाहत नाही.

मार्गदर्शन उशिरा, फवारणी आधी

कोळीवाडा सील झाला त्याच सुमारास उत्तर प्रदेशातील बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइटचा फवारा मारण्यात आला. त्यांत बायका आणि लहान मुले होती. विमानाने आलेल्या कोणावर कुठे असा पाइप सोडल्याचे आपण ऐकले नाही. माणसांवर असा फवारा मारू नका, त्याने डोळ्यांना, त्वचेला आणि श्वासाला इजा होते, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० ला सांगितले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की रस्त्यावर, मोकळ्या जागेत फवारणी करून फायदा होत नाही, कारण माती आणि घाण ब्लीचला निष्प्रभ करते. रुग्णालयाबाहेरच्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का द्राव पुसण्यासाठी पुरेसा आहे, असेही तिने म्हटले. आपल्याकडे सार्वजनिक जागांसाठी १ टक्का द्रावाची सूचना होती, म्हणजे दहा पट.

याचा हिशेब फवारणाऱ्याच्या बाजूने करून पाहा. ज्या रस्त्यावर फवारणीचा उपयोग नव्हता, त्या रस्त्यावर तो दिवसभर दहा पट तीव्र द्रावाच्या वाफेत उभा होता.

कायदा काय देतो आणि कुठे सोडतो

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. मालकाने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला द्यावी, कामगाराला ती मागण्याचा हक्क असावा, हे त्यात आले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले. आता कारखाने कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत सामावला आहे. सुरक्षेबद्दल मालकाकडून माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क संहितेतही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. ही जमेची बाजू आम्ही नाकारत नाही.

पण संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. कारखाना म्हणायला वीज वापरत असतील तर वीस आणि नसतील तर चाळीस कामगार लागतात. पूर्वी हे आकडे दहा आणि वीस होते. कंत्राटी कामगारांचे प्रकरण पन्नास कामगारांपासून सुरू होते. पूर्वी ते वीसपासून होते. आता आपल्या वस्तीतले चित्र डोळ्यांसमोर आणा. सोसायटीची टाकी धुणारे चार जण, पेस्ट कंट्रोलवाल्याकडचे सहा जण, मॉलमधील शौचालये सांभाळणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या आठ बाया. ॲसिड आणि ब्लीच रोज हाताळणारे हेच लोक त्या आकड्यांच्या खाली राहतात. रसायन मात्र हजेरीपटावरची नावे मोजून विषारी होत नाही.

संहितेतच एक वाट आहे. जीवाला धोका असलेल्या कामांना, कामगार कितीही कमी असले तरी, सरकार अधिसूचना काढून संहिता लागू करू शकते. कंत्राटी सफाई, टाकी सफाई आणि जंतुनाशक फवारणी या कामांसाठी अशी अधिसूचना काढावी, ही मागणी आपल्या संघटनांनी आता लावून धरायला हवी.

हा जातीचाही प्रश्न आहे

मुंबईच्या सफाई कामात पिढ्यानपिढ्या कोण आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पूर्वी झाडू आणि पाटी होती, आता त्यासोबत कॅन आणि स्प्रे आला. साधन बदलले, हात तेच राहिले. कॅनवरची सूचना बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि सुट्टा माल असेल तर लेबलच नाही. ज्ञान एकाकडे आणि धोका दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास आणि खाणकामगारांचे कल्याण हे त्यांनी सरकारच्या जबाबदारीचे विषय केले. त्याआधी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांचा एक दिवसाचा संप त्यांनी कम्युनिस्टांच्या सोबतीने घडवला. संघटित होऊन हक्क मिळतो हे अलीकडेही दिसले. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यातून सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना पालिकेत कायम करण्याच्या निर्णयावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. त्याला वर्षे लागली, पण ते झाले.

तरुणांनी काय करावे

वरळीत, नायगावात, शिवडीत, कुठेही असा, पुढील कामे एका महिन्यात सुरू करता येतील.

१. विहारात रविवारी एक तास ठेवा. सफाई आणि हाऊसकीपिंग करणाऱ्या आयाबहिणींना बोलवा आणि आधी त्यांचे ऐका : काय वापरतात, कशात ओततात, कोणते हातमोजे मिळतात.

२. चार नियम मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे काहीही मिसळायचे नाही. द्राव थंड पाण्यात, दार-खिडकी उघडी ठेवून करायचा. ब्लीच आणि ॲसिड एका कप्प्यात ठेवायचे नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत रसायन भरायचे नाही.

३. वास आला, डोळे चुरचुरले तर काम टाकून बाहेर पडा. वारा जिकडून येतो तिकडे आणि उंच जागी जा. भिजलेले कपडे काढा, डोळे साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवा. रसायन पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा आणि केईएम, नायर किंवा जवळचे रुग्णालय गाठा. कोणते रसायन होते ते डॉक्टरांना सांगा.

४. वस्तीजवळ बेवारस सिलिंडर किंवा कॅन दिसले तर हात लावू नका, पाणीही मारू नका. गळणाऱ्या क्लोरीनच्या सिलिंडरवर पाणी पडले की तो अधिक गंजतो आणि गळती वाढते. १०१ वर अग्निशमन दलाला कळवा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

५. माहितीच्या अधिकारात आपल्या वॉर्डाला विचारा : फवारणीचे कंत्राट कोणाला, कामगार किती, कोणती साधने दिली, प्रशिक्षण कधी झाले, आरोग्य तपासणी कधी झाली.

हे काम फक्त आपल्या चाळीपुरते ठेवू नका. कोळीवाड्यातील कोळी बांधव आणि बीडीडी चाळीतील बौद्ध तरुण यांच्यात फार अंतर नाही. मासळी बाजाराच्या ओट्यावर टाकलेली ब्लीचिंग पावडर आणि टॉवरच्या शौचालयात ओतलेले हायपो एकाच कुळाचे आहे. जी माहिती एका वस्तीला वाचवते ती शेजारच्या वस्तीलाही द्यायला हवी.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा फवारणीची घाई होईल. पाइप पुन्हा आपल्यातल्याच कोणाच्या हाती दिला जाईल. त्या आधी त्याच्या हातात नेमणूकपत्र, मराठीतली सूचना आणि योग्य मास्क असला पाहिजे. ते मागण्याचे काम आपले आहे.

जय भीम.