शंभर टक्के निकाल आणि मिठाचे पुंजके

खाल्ल्या मिठाला जागावं, असं मराठी सांगते. उर्दूत अशा माणसाला नमकहलाल म्हणतात. टिकून राहण्याचं माप म्हणून दोन्ही भाषांनी मीठच निवडलं. पण खुद्द मीठ किती टिकतं? चिमूटभर मिठाचं सोडा, मोजके दहा-वीस आयन एकत्र आले तर ती मोट राहते की सुटते? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न खरोखर विचारला. त्याच्या उत्तरात आम्हा शिक्षकांनी ऐकावं असं बरंच आहे.

एवढे लहान पुंजके दिसत नाहीत, म्हणून त्यांचं वजन करतात. क्षारावर वेगवान आयनांचा मारा केला की विद्युतभारित पुंजके उडतात. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र ते वस्तुमानाप्रमाणे वेगळे करतं आणि कोणत्या वजनाचे किती आले ते मोजतं. १९८१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने मिठाच्याच कुळातल्या सीझियम आयोडाइडवर हा प्रयोग केला. पुंजका मोठा होत जाईल तशी संख्या घटायला हवी होती, आणि ती घटलीही. पण १३, २२, ३७ आणि ६२ जोड्यांचे पुंजके मात्र शेजाऱ्यांपेक्षा उठून दिसले. आपल्या खाण्याच्या मिठातही हेच आकडे दिसतात.

यात जादू नाही, शाळेतलं गणित आहे. १३ जोड्या म्हणजे २६ आयन, त्यात भार देणारा एक जादा, झाले २७. म्हणजे ३ × ३ × ३, पुरा घन. २२ जोड्यांचे ४५ होतात, ३ × ३ × ५ ची इष्टिकाचिती. ३७ चे ७५ आणि ६२ चे १२५. अशा भरीव विटेत कोपऱ्यातल्या आयनालाही तीन शेजारी धरून असतात. चौदावी जोडी आली की तिला विटेबाहेर चिकटून राहावं लागतं. शेजार कमी, म्हणून ती लवकर सुटते.

खरी गोष्ट पुढे आहे. १९८३ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या एन्स, बीव्हिस आणि स्टँडिंग यांनी विचारलं, मोजणी कधी केली? पुंजके उडाल्यावर मायक्रोसेकंदाच्या अंशात मोजले, तर १३ ला काहीच विशेष नव्हतं. आलेख गुळगुळीत उतरत होता. सुळके नंतर उगवले. कमकुवत पुंजके वाटेत फुटत गेले आणि टिकणारे उठून दिसू लागले. म्हणजे १३ चे पुंजके मुळात जास्त जन्मलेच नव्हते. त्यांच्या उंचीत इतरांची पडझड लपलेली होती.

दहावीच्या निकालानंतर शाळांच्या फाटकांवर फलक लागतात, ‘शंभर टक्के निकाल’. अभिमान वाटावा, हरकत नाही. पण हा सुळका शेवटी मोजलेला आहे. पाचवीत त्या तुकडीत किती मुलं होती? आठवीनंतर किती मुली घरी बसल्या? किती मुलगे गॅरेजवर, हातगाडीवर गेले? नववीत नापास होऊन किती गळाले? शंभर टक्क्यांत त्यांची नोंदच नसते.

कुणी म्हणेल, मुलं म्हणजे आयन नव्हेत. मान्य. आयनांच्या सुटण्यात कुणाचा दोष नसतो. मुलं सुटतात त्याला मात्र कारणं असतात आणि ती आपल्या हातातली असतात: शाळा लांब, घरची भाषा वेगळी, फी थकलेली, लग्नाची घाई. काठावरच्या मुलाला धरणारे हात कमी पडतात, एवढंच. ‘ते कच्चंच होतं’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

म्हणून माझं साधं मागणं आहे. निकालाच्या फलकावर टक्क्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहा: पाचवीत किती आले आणि दहावीला किती बसले. मग अभिनंदन जरूर करू, आणि मधल्या वाटेवर गळालेल्यांच्या घरी एकदा जाऊनही येऊ.